लवंग मोसंबीत टोचावी, की विड्याला?

डिसेंबरात जबलपूरच्या रस्त्यांवर नागपुरी संत्र्यांच्या हातगाड्या दिसू लागतात. हे अंबिया बहाराचं फळ. जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलावर येतं, दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होते आणि नाताळपर्यंत माल पुरतो. सिवनीच्या रस्त्याने नागपूर इथून फार लांब नाही, त्यामुळे फळ ताजं मिळतं. नाताळच्या याच दिवसांत ऑनलाइन दुकानांमध्ये आणखी एक वस्तू विकली जाते. वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या, दालचिनीच्या कांड्या आणि चक्रीफुलं सुतळीत ओवून केलेली तोरणं, आणि त्यांच्या जोडीला लवंगांनी मढवलेलं अख्खं फळ. ही फळं आणि हे मसाले कुणी खात नाही. ते टांगायचे, त्यांचा वास घ्यायचा आणि ते सुकत राहिलेले पाहायचे.

नेपियर टाउनमधल्या एका मराठी घरात यावरूनच आत्या आणि भाची यांच्यात वाद जुंपला. आत्या सत्तरी ओलांडलेली, बँकेतून निवृत्त झालेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि उच्च न्यायालय जबलपूरला आलं. त्याच वेळी नागपूरच्या कचेरीत काम करणारे तिचे वडील कुटुंबासह इथे आले. मराठी माणसाचा या शहराशी संबंध मात्र त्याहून जुना. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. भाचीने इथल्याच कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान शिकून घेतलं आणि आता ती सुगंधी सजावटीच्या छोट्या कार्यशाळा घेते. यंदा तिने आत्याच्या दिवाणखान्यातल्या टेबलावर मोसंब्या, लवंगांचा पुडा आणि एक दाभण मांडलं.

आत्याने पुडा उचलून पाहिला. “एवढ्या लवंगा कशाला गं? वर्षभराचा गरम मसाला होईल यात.”

“एक लवंग साधारण एक दशांश ग्रॅमची असते, आत्या. मोसंबी दाट मढवली तरी दीडशे-दोनशे लवंगा लागतात. म्हणजे पंधरा-वीस ग्रॅम.”

“आणि ती मोसंबी कोण खाणार?”

“कुणीच नाही.”

या “कुणीच नाही” वरच आत्या अडली. तिचा आक्षेप कंजूषपणाचा नव्हता. महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्यावर तिचा हात बसलेला आहे. फळ, पीठ, मसाला यांनी देवासमोर आरास करायला तिची ना नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरात येतात, ज्येष्ठावर त्यांचं पूजन होतं आणि मुळावर विसर्जन. विदर्भातल्या अनेक घरांत तिन्ही दिवस मुखवट्यांच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली असते. तिला करंज्या, पापड्या, साटोऱ्या, आणि देवीच्या शृंगारातले वेणी, फणी, करंडा, आरसा असे तळलेले आकार दोऱ्याने बांधलेले असतात. हाच फुलोरा. पश्चिम महाराष्ट्रात नवरात्रात घटावर टांगतात त्या कडाकण्याही याच कुळातल्या.

आत्याचा फुलोरा करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. मैद्यात कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि पीठ इतकं घट्ट की पाट्यावर वरवंट्याने कुटावं लागतं. वेणीसाठी बोटाहून बारीक तीन वळ्या करून त्या केसांसारख्या गुंफायच्या. फणीचे दाते सुरीच्या टोकाने पाडायचे. आरसा म्हणजे गोल पापडी, तिच्या काठाला करंजीसारखी मुरड. मग प्रत्येक नगाच्या वरच्या टोकाशी उदबत्तीच्या काडीने भोक पाडायचं, आणि तेही तळण्याआधी. तळल्यावर भोक पाडायला गेलं की पापडी तडकते. भोक कढईत थोडं बुजतं, म्हणून ते दोऱ्याच्या जाडीहून मोठं ठेवायचं. तळण अगदी मंद आचेवर. जबलपूरचा भाद्रपद ओला असतो, आणि घाईत तळलेली फणी दुसऱ्या दिवशी दोऱ्यावरच मऊ पडून वाकते. तिसऱ्या दिवशी चौकट खाली उतरवली की फुलोरा घराघरांत वाटला जातो. लेकरांचा वेणीवरून वाद होतो, कारण वेणी सगळ्यांत खुसखुशीत.

“टांगलेलं सगळं शेवटी कुणाच्या तरी तोंडात गेलं पाहिजे,” आत्या म्हणाली. “लवंग आपण विड्यालाही टोचतो. पान उलगडू नये म्हणून टोचतो, आणि विड्याबरोबर ती खातो. तुझी लवंग फळात जाऊन बसते आणि दोघांचंही खाणं संपतं.”

भाचीने उत्तर द्यायला चारशे-पाचशे वर्षं मागे जायचं ठरवलं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे मंत्री कार्डिनल थॉमस वुल्झी यांच्या हातात गर्दीतून जाताना एक संत्रं असे. त्यातला गर काढून आत व्हिनेगर आणि औषधी द्रव्यांत भिजवलेला स्पंज भरलेला असे. त्यांच्याच पदरी असलेल्या जॉर्ज कॅव्हेंडिश यांनी चरित्रात तसं लिहून ठेवलं आहे. दूषित हवेतून रोग येतो, ही तेव्हाची समजूत. प्लेगच्या साथींत सधन माणसं चांदी-सोन्याच्या जाळीदार गोळ्यांत सुगंधी द्रव्यं भरून गळ्यात किंवा कमरेला बांधत. लवंगा टोचलेलं संत्रं हे त्याचंच साधं, घरगुती रूप, जे पुढे युरोपातल्या नाताळात येऊन स्थिरावलं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला आजही लवंग, दालचिनी आणि जायफळ सोनेरी तारेत गुंफून मसाल्याचे गुच्छ करतात. आणि लवंगेची मूळ भूमी असलेल्या मोलुक्का बेटांवर, आजच्या इंडोनेशियात, कारागीर लवंगा ओवून शिडाच्या होड्यांच्या प्रतिकृती करत. त्यातल्या काही युरोपच्या संग्रहालयांत आहेत.

“म्हणजे जिथे लवंग पिकते तिथेही तिची शोभा करतात,” भाची म्हणाली. “त्यांना अन्नाची किंमत नव्हती असं कसं म्हणशील?”

“त्या कार्डिनलला ते औषध वाटत होतं. औषध म्हणून धरलं तर माझं काही म्हणणं नाही. तू शोभेला टांगतेस.”

औषधाची गोष्ट अगदीच पोकळ नव्हती, हे इथे सांगायला हवं. प्लेग हवेच्या वासाने येत नाही, पण लवंगेत दम आहे. वाळलेल्या लवंगेच्या वजनाचा पंधरा ते वीस टक्के भाग तेलाचा असतो आणि त्या तेलात सत्तर टक्क्यांहून जास्त युजेनॉल. दाताच्या दवाखान्यात शिरताच येतो तो वास याचाच. युजेनॉल बुरशी आणि जंतूंची वाढ रोखतं. मोसंबीत ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. इतकं रसाळ फळ खोलीच्या उबेत आठवडाभर ठेवलं तर ते नासायला हवं, आणि लवंगांनी मढवलेलं फळ मात्र कडक होत सुकत जातं. टोचलेल्या भोकांतून ओलावा बाहेर पडतो आणि त्याच भोकांच्या तोंडाशी युजेनॉल पहारा देतं. भाचीच्या विद्येतला हा भाग आत्याने लक्ष देऊन ऐकला. लोणच्याची बरणी कशी राखायची हे तिला माहीत होतं, त्यामुळे मसाला राखणदार असतो हे तिला पटायला वेळ लागला नाही.

पण मग मोसंबीच का? दारात नागपुरी संत्रं असताना, २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ असताना?

याचं उत्तर सालीत आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल. ती आणि फोडी यांच्यामध्ये पोकळी असते, म्हणून तर ते हाताने सोलता येतं. त्यात लवंग टोचली की साल आत दबते, लवंग डुगडुगते आणि पोकळीत ओल साचून बुरशी धरते. मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली, त्यामुळे लवंग रोवून बसते. थेट अंगठ्याने दाबली तर लवंगेचं डोकं तुटतं आणि शंभराव्या लवंगेपर्यंत अंगठा हुळहुळतो. म्हणून आधी दाभणाने भोक. भाची भोकांमध्ये लवंगेच्या डोक्याएवढी जागा सोडते, कारण सुकताना फळ आकसतं आणि दाटीवाटीने बसवलेल्या लवंगा एकमेकींना बाहेर ढकलतात. फितीसाठी एक उभी पट्टी रिकामी ठेवायची. मग दालचिनी, लवंग आणि जायफळ यांच्या पुडीत फळ घोळवून ते कागदी पिशवीत ठेवायचं, रोज फिरवायचं. तीन-चार आठवड्यांत ते हलकं आणि टणक होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं की मात्र ते हमखास सडतं.

युरोपात या पुडीत आयरिसच्या सुकवलेल्या कंदाचं चूर्ण घालतात. त्याने वास लवकर उडून जात नाही. भाची त्याऐवजी नागरमोथा आणि वेखंड वापरते, आणि इथे आत्या पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकली.

“हे तर उटण्याचं सामान आहे.”

खरंच तसं होतं. चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, मुलतानी माती आणि संत्र्याची वाळलेली साल. नरकचतुर्दशीच्या पहाटेचा वास याच मिश्रणाचा. यातला नागरमोथा तर मध्य प्रदेशचाच म्हणावा; इथल्या जंगलांतून आणि पडीक जमिनींवरून त्याचे कंद गोळा होतात, आणि त्यांचं तेल काढून ते देशोदेशींच्या अत्तरांत जातं. म्हणजे फळ आणि मसाल्याच्या वासाने सण साजरा करायला मराठी घराला नाताळची वाट पाहावी लागली नाही. फरक एवढाच की तो वास भिंतीवर राहत नाही, अंगाला लागतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. थंडीभर संत्री खाल्ली जातात, साली सुपात पडून राहतात, कडकडीत झाल्या की कुटून डब्यात, आणि पुढच्या दिवाळीला उटण्यात.

“माझ्या सुपातली साल फुकट जात नाही,” आत्या म्हणाली. “तुझ्या मोसंबीचा गर जातो.”

भाचीकडे याला उत्तर होतं आणि ते बोचरं होतं. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास लिमोनीन असतं. हवेशी त्याचा संयोग होत गेला की त्यातून काही द्रव्यं तयार होतात आणि ती नाजूक त्वचेला झोंबतात, पुरळ उठवतात. जुनी साल उटण्यात घालण्यापेक्षा तोरणात बांधलेली बरी, असं तिचं म्हणणं. आत्याने ते नाकारलं नाही. तिने डबा उघडला, वास घेतला आणि मागच्या वर्षीची पूड बाजूला काढली. आपलं जुनं ते सगळं निर्दोष, असा तिचा हट्ट नाही.

लिमोनीनची दुसरी बाजू भाचीच्या धंद्याला अडचणीची आहे, आणि तिने तीही लपवली नाही. संत्र्याच्या चकत्या ओव्हनमध्ये मंद आचेवर तीन-चार तास ठेवल्या की पाण्याबरोबर सुगंधही उडून जातो. रंग काचेच्या तावदानासारखा सुंदर उतरतो, पण तोरणाला जो वास येतो तो जवळजवळ सगळा दालचिनी आणि लवंगेचा. म्हणून पुष्कळ विक्रेते चकत्यांवर वरून तेल शिंपडतात, आणि ते तेल कोणतं हे पाकिटावर नेहमी लिहिलेलं नसतं. तयार तोरण घेणाऱ्याने एवढं तरी विचारावं.

मग बोलणं गोव्याकडे वळलं. तिथे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. आडव्या-उभ्या लाकडांची चौकट, तिला शेंडीचे नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, तोरंजन, चिबूड, आंबाडे, आणि रानातून आणलेली कांगलां, घागऱ्यो, कवंडळ. सणाच्या आधी फोंडा-म्हापशाला माटोळीचा बाजार भरतो आणि गावाकडच्या बायका डोंगरावरून आणलेली रानफळं विकायला बसतात. गोव्याचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं. पर्यावरण अभ्यासक राजेंद्र केरकर यांनी माटोळीतल्या वनस्पतींबद्दल वारंवार लिहिलं आहे.

“बघ,” भाची म्हणाली, “कवंडळ कुणी खातं का? ते तर कडू जहर. ते निव्वळ शोभेला टांगतात.”

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. हा मुद्दा तिच्या नियमाला छेद देणारा होता. मग ती म्हणाली, “त्या निमित्ताने पोराला कवंडळ ओळखता येतं. रानात हे फळ आहे, याला हात लावायचा पण तोंडात घालायचं नाही, हे त्याला चौकटीखाली उभं राहून कळतं. तुझ्या तोरणातून पोराला काय कळेल?”

इथे आत्याच्या बाजूला जास्त वजन आहे. माटोळी ही त्या आठवड्यातल्या त्या गावच्या रानाची हजेरी असते; काय पिकलं, काय यंदा मिळालंच नाही, हे चौकटीकडे पाहून समजतं. जबलपूरलाही असा एक दिवस आहे. देवउठनी ग्यारसला, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीला, इथल्या घराघरांत उसाचा मांडव उभा राहतो आणि त्याखाली बोरं, आवळे, हरभऱ्याची भाजी आणि शिंगाडे मांडले जातात. मराठी घरांत लगेच पाठोपाठ तुळशीचं लग्न, तिथेही ऊस, चिंच, आवळा, बोर. शिंगाडा हे तर सिहोऱ्याकडच्या तळ्यांचं पीक. दालचिनी आणि चक्रीफुलाच्या तोरणात जबलपूरचं असं काहीच नसतं. चक्रीफूल चीन-व्हिएतनामकडचं, बाजारातली दालचिनी बहुतेक परदेशातून आलेली. तेच तोरण बर्लिनला टांगा, टोरांटोला टांगा, त्यात फरक पडणार नाही.

भाचीने मात्र हार मानली नाही, आणि तिचं पुढचं उदाहरण सहज बाजूला सारता येण्यासारखं नव्हतं. कर्नाटकातल्या हावेरीचे वेलदोड्यांचे हार. हिरव्या वेलदोड्यांच्या लडी, मध्ये रेशमी आणि जरीची गुंफण. तिथली काही मुस्लिम कारागीर कुटुंबं पिढ्यानपिढ्या हे हार करत आली आहेत. सत्कारात ते घातले जातात, देवालाही वाहिले जातात, आणि पुढे वर्षानुवर्षं कपाटात राहतात. वेलदोडा हेही फळच, आणि मसाल्यांतलं महाग फळ. ते न खाता गळ्यात घातलं म्हणून हावेरीत कुणी त्याला नासाडी म्हणत नाही. त्या हारावर माणसांची घरं चालतात.

“माझ्या कार्यशाळेला येणाऱ्या बायकांपैकी काही जणी आता स्वतः करून विकतात,” ती म्हणाली. “फुलोऱ्याची वेणी किती जणींना शिकवलीस तू?”

प्रश्न चोख होता. फुलोरा आत्याच्या पिढीबरोबर थांबण्याच्या बेतात आहे. जबलपूरच्या मराठी घरांत आता दोन माणसं मुलांकडे पुण्या-बंगळुरूला, दोन इथे. पाट्यावर पीठ कुटायला बसणारं कुणी नाही. आत्याच्या सुनेने मागच्या भाद्रपदात पापड्या विकत आणल्या आणि त्यांना भोकं नव्हती. त्या जाळीच्या पिशवीत घालून टांगाव्या लागल्या. खाण्यात परत जाणारी सजावट ही मोठी गोष्ट आहेच, पण ती करणारे हात नसतील तर तिचा अभिमान कशाच्या जोरावर बाळगायचा? टिकाऊ तोरण निदान एका माणसाला दुपारभरात जमतं.

ऋतूचा प्रश्न राहिला. भाचीला तोरणं महालक्ष्म्यांनाही करायची होती, आणि तिथे तिचं शास्त्र आत्याच्या अनुभवापुढे नमलं. जबलपूरला वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या महिन्यांत. त्या हवेत चकती वाळवली तरी ती चौकटीवर पुन्हा ओल धरते, चिवट होते, मग तिच्यावर करडी लव उगवते. मसाल्यांनाही पावसाळ्यात बारीक किडे लागतात. दालचिनीच्या कांडीखाली पिठासारखा भुगा दिसला की ते आत शिरले समजावं. डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी आणि एप्रिल-मेचं ऊन, वाळवणाचे दिवस हेच. आत्याच्या पापड-कुरडयांचं पंचांग आणि भाचीच्या चकत्यांचं पंचांग एकच निघालं.

अख्खी मोसंबी लवंगेत मढवून सुकवायची की नाही, यावर त्यांचं जमलं नाही. भाचीला त्यातली कारागिरी हवी आहे, आत्याला त्यातला गर दिसतो. साल मात्र दोघींना मान्य झाली. फळ खाऊन झाल्यावर उरलेली साल चांदण्या-पानांच्या आकारात कापायची, उन्हात वाळवायची आणि लवंगेनेच एकमेकींना टोचून तिची लड करायची. त्यात कुणाच्या तोंडचं काही जात नाही, आणि सालीच्या चांदणीत जागच्या जागी रोवलेली लवंग अख्ख्या फळातल्या लवंगेइतकीच दरवळते. तिथे दालचिनीऐवजी नागरमोथ्याच्या गाठी ओवल्या तर तोरणात या मुलखाचंही काही येईल, ही सूचना आत्याची.

त्यानंतर भाचीने फुलोऱ्याचा विषय पुन्हा काढला. साल पाकात घोळवून वाळवली तर ती टिकते, टांगता येते आणि खाताही येते. मग करंज्यांच्या मध्ये ती का नको?

“भाद्रपदात नागपुरी संत्रं कुठून आणशील?” आत्याने विचारलं. “मृगाचा बहार एप्रिलपर्यंत संपतो, अंबिया दसऱ्याला येतो.”

“मोसंबी येते ना तेव्हा.”

“तिची साल कडू असते.”

“दोन-तीनदा उकळून पाणी फेकलं की कडूपणा जातो. आणि आत्या, ती दोऱ्याने बांधायची नाही. विड्यासारखी लवंग टोचून अडकवायची.”

आत्याने टेबलावरची एक मोसंबी हातात घेऊन नखाने तिची साल दाबून पाहिली. “भाद्रपदाची वाट कशाला पाहायची? या आत्ताच सोल. गर पोरांना दे आणि साल उकळायला ठेव. पाक मी बघते. तू तो एकतारीवरच उतरवशील, आणि टांगायच्या सालीला दोनतारी पाक लागतो.”